अंडं खायचं की नाही? कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. समोर बसलेला माणूस शुगरसाठी आलेला असो, वजनासाठी असो की पोराच्या कुस्तीसाठी, पाच मिनिटांत बोलणं अंड्यावर येतंच. मटणाबद्दल आपल्या गावात सगळ्यांची मतं ठाम असतात. अंड्याबद्दल मात्र कुणी डॉक्टरांचं ऐकलेलं असतं, कुणी शेजारणीचं, कुणी मोबाइलवर आलेलं. ज्या घरात सगळ्यात जास्त गरज असते, तिथंच या शंकांपायी अंडं बंद झालेलं असतं, म्हणून हे लिहायला बसले. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

मॅडम, रोज किती अंडी चालतील?

तब्येत धड असलेल्या मोठ्या माणसाला रोज एक अख्खं अंडं, बलकासकट, चालतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१९ मध्ये दिलेला सल्लाही साधारण हाच आहे. अंगमेहनत जास्त असेल, बाकीचं जेवण हलकं असेल, तर दोनही चालतात.

आपल्याकडचं चित्रही बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची, म्हणजे दोन दिवसाला एक. देशात २०२२-२३ साली माणशी १०१ अंडी उपलब्ध होती. ही सरासरी आहे. म्हणजे काही जण रोज दोन खातात आणि कित्येकांच्या ताटात महिन्यातून एखादं पडतं.

एका अंड्यात नक्की असतं काय?

मध्यम आकाराच्या, साधारण ५० ग्रॅम अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. प्रथिनांपैकी निम्म्याहून थोडी जास्त पांढऱ्यात, उरलेली बलकात. ब-१२, ड आणि अ जीवनसत्त्व, डोळ्यांना लागणारी ल्युटिन आणि झिआझँथिन, मेंदूला आणि यकृताला लागणारं कोलीन हे जवळजवळ सगळं बलकात असतं. बलक टाकला की यातलं बहुतेक गेलं.

अंड्यात क जीवनसत्त्व अजिबात नसतं आणि चोथाही नसतो. त्यामुळं त्याच्यासोबत कांदा, टोमॅटो, काकडी, मेथी, लिंबाची फोड हवीच. भाकरीशी मात्र त्याचं चांगलं जमतं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि अंड्यात ते भरपूर असतं. भाकरी आणि अंड्याचा रस्सा एका ताटात आले की एकातली उणीव दुसऱ्यानं भरून निघते.

कोलेस्टेरॉल आहे, म्हणून बलक काढून टाकतो. बरोबर ना?

नव्वदच्या दशकात माझ्या वडिलांना एका डॉक्टरांनी बलक बंद करायला सांगितलं. त्या काळी सगळीकडे हाच सल्ला होता. आई उकडलेलं अंडं सोलून बलक बाजूला काढायची आणि वडील पांढरं खायचे. पण चहाबरोबरची खारी, भाकरीवरचा लोण्याचा गोळा, मटणाच्या रश्श्यावर तरंगणारा चरबीचा थर, यातलं काहीच बंद झालं नाही. ते बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून अंड्याचा हिशेब मी एकट्या अंड्याचा करत नाही, सगळ्या ताटाचा करते.

एका अंड्यात १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः तयार करतं. जेवणातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं काम तेवढं आवरतं घेतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जास्त चढतं ते संपृक्त चरबीनं: तूप, लोणी, वनस्पती तूप, मटणाची चरबी, बेकरीचा माल. अंड्यात ही चरबी दीड ग्रॅमच्या आसपास असते. चहाच्या चमच्याएवढ्या तुपात तिच्या दुप्पट असते.

पूर्वी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा सांगत. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शनातून तो आकडा काढून टाकला गेला. अभ्यासांचं म्हणाल, तर ते सगळे एका सुरात बोलत नाहीत. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना निरोगी माणसांत दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात रोज अंडं खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात उलट कमी दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या अभ्यासात अंडी जास्त खाणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला दिसला. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. अंड्याबरोबर माणूस आणखी काय खातो, बिडी ओढतो का, चालतो किती, हे त्यातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. म्हणून 'कितीही खा' असं मी सांगत नाही आणि बलक गटारात टाकायलाही सांगत नाही.

काहींच्या रक्तावर जेवणातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम इतरांपेक्षा जास्त होतो. घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील, किंवा एलडीएल फारच चढलेलं असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बलकाचा आकडा ठरवा.

शुगर आहे. मग?

इथं मी हात जरा आखडता घेते. त्याच १९९९ च्या अभ्यासात मधुमेह असलेल्यांत रोज अंडं खाण्याशी हृदयविकाराचा धोका जोडलेला दिसला होता. नंतरच्या काही अभ्यासांत तसं दिसलं नाही. त्यामुळं मधुमेहींना मी आठवड्याला तीन-चार अख्खी अंडी आणि हवं तर वरून पांढरं, असं सांगते. अंड्यात पिष्टमय पदार्थ नगण्य असतात, म्हणून नुसत्या अंड्यानं जेवणानंतरची साखर उसळत नाही. उसळते ती बुर्जीसोबतच्या चार पावांनी.

म्हणजे बुर्जी-पाव आणि अंडा रस्सा बंद करायचा का? मग कोल्हापुरात राहून उपयोग काय?

बंद करू नका, करायची रीत बदला. हे मी मनापासून सांगते, कारण कोल्हापुरी माणसाला रोज उकडलेलं अंडं मिरपूड लावून खायला सांगितलं तर तो आठव्या दिवशी सोडून देतो.

दोन अंड्यांच्या कॅलरी दीडशेच्या आत. तव्यावर मोठ्या चमच्यानं दोन चमचे तेल सोडलं की त्याच्याच अडीचशेच्या आसपास होतात. वरून अमूलचा तुकडा, खाली लोण्यात परतलेले मैद्याचे पाव. मग दोष द्यायला सोपं सापडतं ते अंडं. घरी बुर्जी करताना चार माणसांना मिळून दोन-तीन छोटे चमचे तेल पुरतं. कांदा आधी मऊ करून घ्या, टोमॅटो आणि ढबू मिरची भरपूर घाला, म्हणजे ती कोरडी पडत नाही.

रश्श्याचंही तसंच. आपलं वाटण म्हणजे सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर. त्यात वाईट काही नाही, फक्त खोबऱ्याचं प्रमाण बघा. खरी गडबड कटाची. लालभडक कट वर यावा म्हणून वाटीभर तेल ओतलं जातं. कट थोडा कमी करा. घरची कांदा-लसूण चटणी चांगली असेल तर रंग आणि झणका तरीही येतो. उकडलेली अंडी आधी तेलात तळून लाल करायची गरज नाही. त्याहून सोपं म्हणजे रस्सा खळखळ उकळत असताना अंडी एकेक करून थेट त्यात फोडून सोडायची, झाकण ठेवायचं आणि बलक घट्ट होईपर्यंत थांबायचं. माझी आजी असाच करायची आणि आमच्या घरात अजून तोच होतो.

मीठ मात्र आवरा. रक्तदाब असलेल्यांना मी बलकापेक्षा रश्श्यातलं मीठ, पापड आणि लोणचं यावर जास्त टोकते.

पोरगं तालमीत जातंय. वस्ताद म्हणतात दुधात कच्ची अंडी फेटून दे. देऊ का?

अंडी द्या, कच्ची नको. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या गावात कुस्तीला आश्रय दिला, जिथं १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, तिथं वस्तादांच्या शब्दाला किंमत आहे आणि ती असायलाच हवी. खुराकाचं त्यांचं ज्ञानही मोठं आहे. दूध, बदाम, तूप, थंडाई हे सगळं दिवसभर घाम गाळणाऱ्या शरीरासाठी बसवलेलं आहे. या एका गोष्टीत तेवढा बदल करा.

कारणं दोन. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. कुस्तीच्या तोंडावर जुलाब लागले तर महिन्याची मेहनत वाया जाते. दुसरं कारण पैलवानांना जास्त पटतं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन अंगी लागतं, कच्च्यातलं ५० टक्क्यांच्या आसपासच, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. म्हणजे चार कच्ची पिऊन जेवढं मिळतं, तेवढं जवळजवळ दोन उकडून मिळतं. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवतं. शिजवलं की त्याची ती ताकद जाते.

किती द्यायची? रोज दोन वेळा मेहनत करणाऱ्या ८० किलोच्या मल्लाला दिवसाला १०० ते १३० ग्रॅम प्रथिनं लागतात. एक लिटर म्हशीच्या दुधातून ३५ ते ४० ग्रॅम येतात, चार अंड्यांतून २५. बाकीचं डाळ, उसळ, शेंगदाणे, मटण किंवा चिकन यांतून सहज भरतं. डझन-डझन अंडी लागत नाहीत. आणि दूध धारोष्ण पिण्यापेक्षा तापवूनच प्या.

तुमच्या ताटात किती अंडी येतात?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, मीच विचारते. समोर बहुतेक वेळा पन्नाशीच्या आतली बाई असते. पाय दुखतात, धाप लागते, केस गळतात. घरात अंडी येतात का? येतात की, आठवड्याला ट्रे येतो. मग हिशेब मांडायला लावते. तालमीतल्या थोरल्याला रोज चार, धाकट्याला शाळेच्या आधी एक, मालकांना ऑम्लेट. आणि तुम्हाला? "मी रश्श्याबरोबर खाते की भाकरी." रश्श्याबरोबर, अंडं नाही.

५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. चहा-चपाती, भात-आमटी आणि रात्री उरलेल्या रश्श्यावर ती भरत नाहीत. पाळी जाण्याच्या वयात हाडं आणि स्नायू दोन्ही उतरणीला लागतात, नेमकं तेव्हाच ताट सगळ्यात रिकामं असतं. एक अंडं, तेही तिच्या वाटणीचं आधी बाजूला काढून ठेवलेलं, एवढी साधी गोष्ट आहे. ती स्वतः ठेवणार नाही. म्हणून मी सोबत आलेल्या नवऱ्याला, मुलाला सांगते की तुम्ही ठेवा.

दुसरं नाव सासूबाईंचं. दात नाहीत, मटण चावत नाही, डाळीनं पोट फुगतं म्हणून म्हातारी माणसं चहात चपाती बुडवून दिवस काढतात आणि मग बाथरूममध्ये तोल जातो. त्यांच्यासाठी मऊ बुर्जी, पातळ अंड्याची पोळी, रश्श्यात कुस्करलेलं अंडं यासारखं सोपं अन्न नाही.

अंडी उष्ण पडतात. उन्हाळ्यात द्यायची का?

अंड्यानं शरीराचं तापमान वाढत नाही. एप्रिल-मेमध्ये तोंड येतं, आग होते ती बहुधा पाणी कमी पडल्यानं आणि तिखटानं. तुम्हाला स्वतःला त्रास जाणवत असेल तर संध्याकाळऐवजी सकाळी खा, सोबत ताक घ्या. पण या समजुतीपायी तापातून उठलेल्या पोराचं अंडं महिनाभर बंद ठेवू नका. भूक परत आली की त्याला तेच हवं असतं.

लहान मुलाला कधीपासून?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरचं अन्न सुरू केलं की अंडंही देता येतं. नीट उकडून, कुस्करून, थोड्या दुधात किंवा मऊ भातात कालवून. ॲलर्जीच्या भीतीनं वर्षभर थांबायचा जुना सल्ला आता बदलला आहे. पहिल्या वेळी चमच्याच्या टोकाएवढं द्या, सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल तर क्षणभरही थांबू नका. बाळाला आधीच मोठा इसब असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि न खाणाऱ्यांना केळी द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. मला याचं फार वाईट वाटलं. काही मुलांचं आठवड्यातलं ते एकमेव अंडं होतं.

गरोदरपणात?

रोज एक चालतं. बाळाच्या मेंदूसाठी कोलीन हवं असतं आणि ते बलकात भरपूर आहे. हाफ फ्राय नको, घरी केलेलं कच्च्या अंड्याचं मेयोनीजही नको. बलक पूर्ण घट्ट शिजलेला हवा.

रक्त कमी आहे. अंड्यानं हिमोग्लोबिन वाढेल?

एकट्या अंड्यानं वाढणार नाही. त्यात लोह एक मिलिग्रॅमच्या आत असतं आणि बलकातलंच एक प्रथिन त्याला धरून ठेवतं, त्यामुळं ते नीट शोषलं जात नाही. अंडं ब-१२ साठी खा. लोहासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, पालेभाज्या, कडधान्यं, चालत असेल तर कलेजी. वर लिंबू पिळा, आणि जेवल्यावर तासभर चहा नको.

युरिक ॲसिड वाढलंय. आणि किडनीचं?

युरिक ॲसिडवाल्यांनी अंडी बिनधास्त खावीत. ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ती प्युरीन अंड्यात फार कमी असतात. सुक्या मटणाकडे, कलेजीकडे आणि दारूकडे बघा. किडनीचं वेगळं. प्रथिनं मोजून खावी लागतात, आणि डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवावी लागतात. तेव्हा पांढरं फार कामाचं, कारण त्यात फॉस्फरस कमी. आकडा तुमच्या किडनीच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

गावठी अंडी चांगली की बॉयलर?

बाजारात आपण ज्याला बॉयलर म्हणतो ते लेअर कोंबडीचं अंडं असतं. ब्रॉयलर कोंबडी मांसासाठी पाळतात. पौष्टिकतेत दोन्हींत मोठा फरक नसतो. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. हिरवा चारा, मका, किडे खाणाऱ्या कोंबडीचा बलक गर्द केशरी दिसतो. गावठीची चव मला स्वतःला आवडते. पण एका गावठीच्या पैशात दोन साधी येत असतील, तर घरातल्या पाच माणसांसाठी दोन साधी घ्या. परसात गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबड्या पाळल्या असतील तर प्रश्नच मिटला.

आमच्यात वार पाळतात.

पाळा. कुणाचा मंगळवार, कुणाचा अंबाबाईचा शुक्रवार, कुणाचा जोतिबाचा रविवार, वर श्रावण आणि नवरात्र. त्या दिवसांत दही, ताक, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पिठलं वाढवा. मूठभर शेंगदाण्यांतून, म्हणजे ३० ग्रॅममधून, एका अंड्याहून थोडी जास्तच प्रथिनं मिळतात. अंडं शाकाहारी का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, त्यामुळं त्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही, एवढंच मी सांगू शकते. जे कुटुंब खात नाही त्याला मी कधीच आग्रह करत नाही. दूध आणि डाळींवर तब्येत उत्तम राखता येते, फक्त ब-१२ तपासत राहा.

बलकात रक्ताचा ठिपका, प्लास्टिकची अंडी, बर्ड फ्लू?

ठिपका म्हणजे अंडं तयार होताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी; काढून टाका आणि शिजवा. प्लास्टिकचं अंडं असं काही नसतं. जुन्या अंड्याचं आतलं पापुद्र्यासारखं आवरण ताणून दाखवलेले व्हिडिओ असतात. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. त्याचा विषाणू ७० अंशांच्या वर मरतो. साथ जवळ आली असेल तर नीट शिजवून खा आणि अंडी हाताळल्यावर हात धुवा.

ताजं कसं ओळखायचं, ठेवायचं कुठं?

भांडंभर पाण्यात सोडा. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण खाण्याजोगं, तरंगलं तर टाकून द्या. टरफलातून हवा आत जाते आणि दिवस जातील तशी आतली पोकळी वाढते, म्हणून असं होतं. आणल्या आणल्या धुऊ नका. टरफलावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. गावठी अंड्याला विष्ठा लागलेली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि वापरायच्या वेळी धुवा. फ्रिजमध्ये दारातल्या खाचांपेक्षा आतल्या कप्प्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला घाम सुटतो. असं अंडं परत आत ठेवू नका, लगेच वापरा.

डब्यात दिलेल्या अंड्याला वास येतो, पोरं नाक मुरडतात.

जास्त उकडलंय. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आलं की बलकाभोवती हिरवट कडा धरते आणि वास सुटतो. खायला धोका नाही, पण मुलं खात नाहीत. उकळत्या पाण्यात हलकेच सोडा, दहा ते बारा मिनिटं ठेवा आणि काढून लगेच गार पाण्यात टाका. पूर्ण गार झाल्यावरच सोला आणि पुसून डब्यात ठेवा. आठ-दहा दिवसांचं अंडं ताज्यापेक्षा सोपं सोललं जातं, म्हणून उकडायला ट्रेमधली जुनी आधी उचला.